पोटॅशियम चॅनल ब्लॉकर आणि अपस्मार: औषध कोणासाठी, हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: ४-अमिनोपिरिडिन हा पोटॅशियम चॅनल ब्लॉकर (पेशीतून पोटॅशियम बाहेर जाण्याची वाट अडवणारे रसायन) प्रयोगशाळेत झटके आणण्यासाठीच वापरला जातो. मग ब्लॉकरच अपस्मारावरचे औषध कसे होईल? आणि असे औषध विकसित करायचे झाले तर काय काय करावे लागते, आणि काम कुठे फसते?

सरसकट अपस्मारावर हे औषध होणार नाही. ज्या रुग्णात एखाद्या पोटॅशियम चॅनलचे जनुक बदलून ते चॅनल गरजेपेक्षा जास्त काम करते, फक्त त्याच्यासाठी ब्लॉकर हे औषध ठरू शकते. बाकीच्यांना त्याच गोळीने झटके वाढतील. रसायन निवडण्याआधी रुग्ण निवडावा लागतो, असे हे क्षेत्र आहे. इथली बरीच अपयशे हा क्रम उलटा धरल्याने आली आहेत.

आधी नेहमीचे चित्र. चेतापेशीत सोडियम आत आले की विद्युतस्पंद उठतो आणि पोटॅशियम बाहेर गेले की तो मावळतो. पोटॅशियमची वाट अडवली की स्पंद लांबतो, चेतातंतूच्या टोकाशी जास्त कॅल्शियम शिरते, ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन जास्त सांडते आणि पेशी पुन्हा पुन्हा पेटते. मेंदूच्या कापांवर ५० ते १०० मायक्रोमोलर ४-अमिनोपिरिडिन टाकले की थोड्याच वेळात झटक्यासारखे विद्युतस्राव दिसू लागतात. अमेरिकेत हेच रसायन पक्षी पळवण्याच्या आमिषात घालतात, आणि ते खाल्लेल्या पक्ष्याला आचके येतात. उलट बाजूला रेटिगाबिन हे केव्ही७ नावाचे पोटॅशियम चॅनल उघडणारे औषध २०११ मध्ये अपस्मारासाठी मंजूर झाले होते. ते २०१७ मध्ये बाजारातून गेले, पण त्यामागे डोळ्याच्या पडद्यावर आणि त्वचेवर निळसर रंग साठण्याची तक्रार मोठी होती. झटके थांबवण्याचा गुण त्याच्यात होता. तेव्हा पोटॅशियम चॅनल उघडणे चांगले आणि बंद करणे वाईट, हा पाठ बहुतेक रुग्णांपुरता खराच आहे.

अपवादाची ठळक नोंद २०१२ मध्ये झाली. केसीएनटी१ या जनुकातले बदल दोन आजारांत सापडले. एक, तान्ह्या मुलांमधला फिरत्या झटक्यांचा अपस्मार, ज्यात झटका मेंदूच्या एका भागातून दुसरीकडे सरकत राहतो. दुसरा, झोपेत येणाऱ्या झटक्यांचा आनुवंशिक अपस्मार. हे जनुक सोडियमने उघडणारे पोटॅशियम चॅनल बनवते, त्याला स्लॅक असेही नाव आहे. या रुग्णांतले बदल तपासले तर जवळजवळ सगळे गेन-ऑफ-फंक्शन, म्हणजे चॅनलचा प्रवाह वाढवणारे निघाले. पोटॅशियम जास्त बाहेर जाते, तर पेशी शांत व्हायला हवी. मग झटके का? दोन स्पष्टीकरणे प्रयोगांवर टिकली आहेत. आवरणाऱ्या, म्हणजे गाबा सोडणाऱ्या पेशींवर हा वाढीव प्रवाह जास्त भारी पडतो, त्या मंदावतात आणि उत्तेजक पेशी मोकाट सुटतात. शिवाय काही पेशींत स्पंद लवकर मावळल्याने सोडियम चॅनल लवकर सावरतात आणि पेशी उलट जास्त वेगाने स्पंदू शकते. पहिल्या स्पष्टीकरणाला मानवी वाय७९६एच (प्रथिनातल्या ७९६ व्या जागी वाय ऐवजी एच हे अमिनो आम्ल) बदलाशी जुळणारे वाय७७७एच उंदीर चांगला आधार देतात.

याच गटात केसीएनए२ हे पोटॅशियम चॅनलचे जनुक येते. त्यातले आर२९७क्यू आणि एल२९८एफ हे बदल प्रवाह वाढवणारे आहेत, पण पी४०५एल हा त्याच जनुकातला बदल प्रवाह घटवणारा. केसीएनएमए१ या आणखी एका पोटॅशियम चॅनलच्या जनुकामधला डी४३४जी अपस्मार आणि अचानक येणाऱ्या अनैच्छिक हालचाली अशी जोडी देतो.

आणि एक उदाहरण अपस्मारवाले सहसा मोजतच नाहीत. केसीएनजे११ या जनुकातल्या प्रवाह वाढवणाऱ्या बदलाने तान्ह्या बाळाला मधुमेह होतो, आणि तीव्र बदल असेल तर विकास खुंटणे व झटकेही त्यासोबत येतात. तिथले औषध म्हणजे ग्लिबेनक्लामाइड, मधुमेहाची जुनी स्वस्त गोळी. ती याच जनुकाने बनणारे स्वादुपिंडातले एटीपी-संवेदी पोटॅशियम चॅनल बंद करते, म्हणजे अक्षरशः पोटॅशियम चॅनल ब्लॉकरच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बदलाच्या ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन सुटले. मेंदूवरचा परिणाम मात्र अर्धवट राहतो. औषध ९८ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना चिकटलेले असते आणि मेंदूत फार थोडे पोचते. म्हणून मात्रा प्रौढ मधुमेहींच्या मानाने वजनाच्या हिशोबाने बरीच जास्त लागते आणि सुरुवात जितकी लवकर तितका फायदा. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या आणि झटके येणाऱ्या बाळाची जनुकीय तपासणी टाळू नये, याचे एवढे एक कारण पुरे. चॅनल कोणते आणि दिशा कोणती हे ठाऊक असले की जुने औषधही किती दूर नेते आणि मेंदूच्या दाराशी कसे अडते, या दोन्ही गोष्टी या एकाच आजारात दिसतात.

आता विकासाकडे. पहिले काम म्हणजे बदलाची दिशा ठरवणे. एक्झोम तपासणीचा (प्रथिने बनवणाऱ्या सगळ्या जनुकांच्या तपासणीचा) अहवाल ‘पॅथोजेनिक’, म्हणजे आजार आणणारा, असे म्हणतो, पण प्रवाह वाढतो की घटतो हे सांगत नाही. संगणकी अंदाजांवर इथे विसंबू नये. केसीएनए२ मध्ये काही बदल मिश्र आहेत, म्हणजे चॅनल लवकर उघडते पण एकूण प्रवाह कमी पडतो. अशा रुग्णाला ब्लॉकर देणे म्हणजे जुगार. तेव्हा बदललेले चॅनल एचईके२९३ किंवा सीएचओ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घालून पॅच क्लॅम्पने (पेशीला बारीक काचेची पिपेट लावून तिचा विद्युतप्रवाह मोजण्याच्या तंत्राने) मोजायचे. चार गोष्टी हव्यात: प्रवाहाची घनता (पिकोअँपिअर प्रति पिकोफॅरड), चॅनल अर्धे उघडण्याचा व्होल्टेज, विश्रांतीच्या व्होल्टेजला वाहणारा प्रवाह, आणि मूळ व बदललेले जनुक १:१ घातल्यावरचे मोजमाप. शेवटचे बरेच जण टाळतात. पण रुग्णाच्या पेशीत एक प्रत चांगली आणि एक बदललेली असते, आणि ही चॅनल चार तुकड्यांची असतात. दोन्ही प्रती सारख्या बनत असतील आणि तुकडे कसेही जुळत असतील, तर पूर्ण मूळ चॅनल १६ पैकी फक्त १, पूर्ण बदललेले १, आणि उरलेले १४ मिश्र. म्हणून ‘फक्त बदललेल्या चॅनलवर बसणारे रसायन’ हे उद्दिष्ट ऐकायला छान असले तरी खरे लक्ष्य मिश्र चॅनल आहे, आणि त्यात मूळ व बदललेल्याचा फरक पुसट होतो.

मोठ्या संख्येने रसायने चाळायची असतील तर थॅलियमचा प्रयोग सोयीचा. थॅलियम पोटॅशियमच्या वाटेने आत शिरते आणि आतला रंगद्रव्याचा प्रकाश वाढवते. ब्लॉकर असला की वाढ मंदावते. ३८४ खणांच्या ताटलीत हे चालते. यात हमखास होणारी चूक म्हणजे नेहमीचे खारे बफर वापरणे. थॅलियम क्लोराइड फारसे विरघळत नाही, साका तळाशी बसतो आणि सगळी रसायने ब्लॉकर असल्यासारखी दिसतात. क्लोराइड काढून ग्लुकोनेट किंवा सल्फेट वापरा. थॅलियम जहाल विष आहे, म्हणून हातमोजे घाला आणि त्याचे सांडपाणी वेगळे साठवा, बेसिनमध्ये ओतू नका. झेड-प्राइम (ब्लॉकर असलेले आणि नसलेले खण किती स्वच्छ वेगळे दिसतात याचे माप) ०.५ च्या खाली असेल तर ताटली फेकून द्या, ‘जवळपास बरी आहे’ म्हणू नका. स्वतः चमकणारी किंवा रंगद्रव्य विझवणारी रसायने खोटे निकाल देतात; चॅनल नसलेल्या पेशींवर तीच रसायने चालवली की ती लगेच उघडी पडतात.

केसीएनटी१ बाबत एक जास्तीची अडचण आहे. हे चॅनल पेशीच्या आतल्या सोडियमवर उघडते, त्यामुळे आतल्या द्रावणात सोडियम नसेल तर मूळ चॅनल जवळजवळ गप्प राहते. पिपेटमध्ये सोडियम किती, हे प्रत्येक आकड्यासोबत लिहायलाच हवे; १० मिलिमोलरवर मिळालेला आयसी५० (प्रवाह निम्मा करणारी औषधाची पातळी) आणि ७० मिलिमोलरवर मिळालेला आयसी५० शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. सोडियमऐवजी लिथियम किंवा कोलीन भरून मिळणारा प्रवाह वजा केला की एचईके पेशींचे स्वतःचे प्रवाह बाजूला होतात. तुलनेसाठी क्विनिडिन आणि बेप्रिडिल ही हृदयाची जुनी औषधे प्रत्येक दिवसाच्या प्रयोगात ठेवा. बेप्रिडिल या चॅनलवर साधारण एका मायक्रोमोलरला काम करते, म्हणून ते बरे माप ठरते. औषध म्हणून मात्र ते हृदयासाठी घातकच आहे.

पॅच क्लॅम्पच्या बारीकसारीक गोष्टींतच बहुतेक चुकीचे आकडे जन्मतात. प्रवाह काही नॅनोअँपिअर असेल आणि सीरिज रेझिस्टन्सची (पिपेटच्या वाटेतल्या विद्युतरोधाची) भरपाई ७० ते ८० टक्के केली नसेल, तर व्होल्टेज चुकतो आणि ब्लॉकर असतो त्यापेक्षा कमजोर दिसतो. तेलकट रसायने प्लास्टिकच्या नळ्यांना चिकटतात. दहा मायक्रोमोलर भरून पेशीपाशी तीनच पोचले, असे सर्रास होते. काच किंवा टेफ्लॉन वापरा आणि शंका असेल तर पेशीपाशी पोचलेल्या द्रावणाचे मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजमाप करा. डीएमएसओ (रसायने विरघळवण्याचे द्रावक) सगळ्या खणांत सारखा, ०.१ ते ०.३ टक्के. प्रवाह आपोआप ओसरत जातो, तो ‘ब्लॉक’ म्हणून मोजला जाऊ नये यासाठी औषध काढून घेतल्यावर प्रवाह परत येतो का हे पाहा. बेडकाच्या अंडपेशींवर मिळालेले आकडे तर निम्म्या विश्वासानेच घ्यावेत. बलकात औषध मुरते आणि आयसी५० अनेक पटींनी मोठा दिसतो.

यापुढचा टप्पा खरा निर्णायक: हृदय आणि मेंदू यांच्यातली तफावत. याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण क्विनिडिन. २०१४ मध्ये क्विनिडिनने केसीएनटी१ चा वाढलेला प्रवाह प्रयोगशाळेत घटतो असे दिसले, आणि त्याच वर्षी आर४२८क्यू बदल असलेल्या एका मुलाचे झटके या औषधावर बरेच कमी झाल्याची नोंद आली. औषध दशकांपासून हृदयाच्या ठोक्यांसाठी वापरात होते, म्हणून जगभर मुलांना ते सुरू झाले. काहींना फायदा झाला, बहुतेकांना नाही. २०१८ मध्ये झोपेतल्या झटक्यांच्या सहा किशोर व प्रौढ रुग्णांवर प्लासिबोशी तुलना करणारी आंधळी क्रॉसओव्हर चाचणी (केव्हा काय दिले हे लपवून प्रत्येकाला दोन्ही आलटून पालटून देणारी) छापून आली. पहिल्या दोघांचा क्यूटी (ईसीजीवरचा, हृदयाच्या ठोक्यानंतर ते पुन्हा सावरेपर्यंतचा काळ) ९०० मिलिग्रॅमवर लांबला, म्हणून पुढच्या चौघांना ३०० मिलिग्रॅम दिले गेले. कोणालाच उपयोग दिसला नाही.

हे आधी कळण्यासारखे होते का? कागद-पेन्सिल घ्या. क्विनिडिनची रक्तातली उपचारपातळी २ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. वरची पातळी धरली आणि ३२४ या रेणुभाराने भागले तर सुमारे १५ मायक्रोमोलर. त्यातले ८० ते ८८ टक्के प्रथिनांना चिकटलेले. मोकळे साधारण २ ते ३ मायक्रोमोलर. रक्त-मेंदू अडथळ्यावरचा पी-ग्लायकोप्रोटीन पंप क्विनिडिनला बाहेर ढकलतो, त्यामुळे मेंदूतले मोकळे औषध याहूनही कमी. आता केसीएनटी१ वरचा आयसी५० पाहा: काही दहा मायक्रोमोलरपासून शंभरपर्यंत. ८० धरला आणि मेंदूत अगदी २.३ मायक्रोमोलर पोचले असे उदार मनाने मानले, तरी अडवलेला प्रवाह तीन टक्क्यांच्या आत. हृदयातल्या हर्ग या पोटॅशियम चॅनलवरचा (हे अडले की क्यूटी लांबतो) आयसी५० मात्र एक मायक्रोमोलर किंवा त्याहून कमी, त्याच २.३ मायक्रोमोलरला ते ७० टक्के किंवा जास्त बंद. म्हणजे मेंदूतले चॅनल नीट अडवण्याच्या कितीतरी आधी हृदय संपावर जाते.

हा हिशोब प्रत्येक नव्या रसायनासाठी पहिल्या आठवड्यात करावा: रक्तातली एकूण पातळी, गुणिले मोकळा अंश, गुणिले मेंदू-रक्त मोकळ्या औषधाचे गुणोत्तर. हे गुणोत्तर ०.३ च्या खाली असेल तर रसायनात बदल करा, मात्रा वाढवत बसू नका. मेंदूतली एकूण पातळी मोजून खूश होणे ही जुनी खोड आहे. तेलकट रसायन मेंदूच्या मेदात साठते आणि चॅनलपाशी मोकळे जवळजवळ काहीच नसते.

पण हा हिशोबही देव मानू नये, कारण ४-अमिनोपिरिडिन त्यात बसत नाही. १० मिलिग्रॅमच्या सावकाश सुटणाऱ्या गोळीने रक्तात वीस-बावीस नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळते, म्हणजे रेणुभार ९४ धरता ०.२३ मायक्रोमोलर. केसीएनए२ बनवते त्या केव्ही१.२ चॅनलवरचा आयसी५० शेकडो मायक्रोमोलर. हिशोबाने परिणाम शून्य. तरीही २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, केसीएनए२ मधल्या प्रवाह वाढवणाऱ्या बदलांच्या ११ रुग्णांवर प्रत्येकी स्वतंत्रपणे केलेल्या चाचण्यांत ९ जण सुधारले: झटके कमी, चालण्याचा तोल, बोलणे किंवा सावधपणा बरा. या औषधाच्या बाजूच्या काही गोष्टी आहेत. ते प्रथिनांना जवळजवळ चिकटत नाही, मेंदूत सहज जाते, आणि चॅनल उघडे असताना आतल्या बाजूने शिरून बसते. बदललेले चॅनल विश्रांतीतही उघडे राहते, म्हणजे औषधाला दार सतत मोकळे. शिवाय बारीक चेतातंतूंच्या टोकांवर थोडाच प्रवाह अडला तरी परिणाम मोठा होऊ शकतो. म्हणून आयसी५० कोणत्या व्होल्टेजला आणि किती वेळ औषध ठेवून मोजला, हे विचारल्याशिवाय तो आकडा मान्य करू नये. माझ्या मते हिशोबाचा उपयोग औषध नाकारण्यापेक्षा हृदय आणि मेंदू यांतले अंतर मोजण्यासाठी जास्त. क्विनिडिन मेंदूत कमी पोचते एवढ्यामुळेच बाद झाले नाही. त्याआधी हर्ग बंद होते, हे खरे कारण.

रसायनाची रचना करताना नेमके काय टाळायचे? हर्ग चॅनलच्या पोकळीत ६५२ क्रमांकाचे टायरोसिन आणि ६५६ क्रमांकाचे फिनिलअॅलॅनिन आहे. तेलकट सुगंधी कडे आणि मध्ये जोरदार अमाइन अशी रचना तिथे अलगद बसते. पीकेए (क्षारतेचे माप) ९ च्या आसपासचे अमाइन आणि मोठा लॉगपी (तेलकटपणाचे माप) दिसला की हर्गचा प्रयोग आधी लावा. अमाइनची क्षारता उतरवणे, कड्यावर ध्रुवीय गट बसवणे, किंवा अमाइनच काढून टाकणे हे नेहमीचे उपाय. पण ध्रुवीयता फार वाढवली तर पंप पकडतो. रेणुभार ४५० च्या आत, ध्रुवीय पृष्ठभाग ९० वर्ग अँगस्ट्रॉमच्या आत आणि एमडीआर१ (तोच पी-ग्लायकोप्रोटीन पंप असलेल्या) पेशींवरचे बाहेर-आत गुणोत्तर २ च्या आसपास ठेवता आले तर मेंदूत जाण्याची आशा. केसीएनटी१ साठी २०२१ मध्ये ऑक्साडायझोल मालिकेतले तोंडावाटे देता येणारे निवडक रसायन जाहीर झाले, ते या वाटेनेच. २०१५ पासून उपलब्ध असलेल्या क्रायो-ईएम (गोठवलेल्या प्रथिनाच्या इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शी चित्रांवरून काढलेल्या) रचनांमुळे चॅनलच्या पोकळीत रसायने संगणकावर बसवून पाहता येतात. त्यातून ब्रिटनमधल्या लीड्सच्या गटाने नवे ब्लॉकर शोधले. हर्गवर सुरक्षिततेचे अंतर रक्तातल्या मोकळ्या सर्वोच्च पातळीच्या किमान ३० पट ठेवायचा रिवाज आहे. तान्ह्या मुलांसाठी त्याहून जास्त ठेवलेले बरे, कारण त्यांच्यात पातळी फार हेलकावे खाते.

हर्गसोबत हृदयातले एनएव्ही१.५ (सोडियम), सीएव्ही१.२ (कॅल्शियम) आणि आयकेएस (पोटॅशियम) प्रवाह तपासा. पण इथे मेंदूचीही सुरक्षितता यादीत हवी, आणि ती अनेकदा राहून जाते: केव्ही१.१, केव्ही७.२/७.३ आणि केसीएनटी२ ही इतर पोटॅशियम चॅनल. यांपैकी केव्ही७ थोडे जरी अडले तरी तुम्ही झटके थांबवण्याच्या औषधातून झटके देता. लक्ष्य चॅनल पूर्ण बंद झाले तर काय, हेही पाहायचे. केसीएनटी१ नसलेले उंदीर जगतात आणि त्यांना आपणहून झटके येत नाहीत. पण नवे शिकताना जुने सोडून देण्यात ते अडखळतात. म्हणजे अर्धे अडवायचे, पुरते मिटवायचे नाही.

प्राण्यांवरच्या चाचण्यांत एक साचा तोडावा लागतो. अपस्मारविरोधी औषधांसाठी विजेचा धक्का, पेंटिलीनटेट्राझोल हे झटके आणणारे रसायन आणि ६ हर्ट्झची वीज या चाचण्या ठरलेल्या आहेत. सामान्य उंदरात हे चॅनल बिघडलेले नाही, त्यामुळे चांगला ब्लॉकर तिथे निरुपयोगी किंवा घातक दिसणार. केवळ या चाचण्यांवर निवड केली तर योग्य रसायन पहिल्याच चाळणीत फेकले जाईल. त्या चाचण्या सुरक्षिततेसाठी वापरा: शिरेतून पेंटिलीनटेट्राझोल हळूहळू सोडत झटका कोणत्या मात्रेला येतो ते मोजा. तुमच्या औषधाने ती मात्रा घटली तर वरची मर्यादा सापडली. उपयोग मात्र बदललेले जनुक घातलेल्या उंदरातच पाहायचा. तिथेही पेच आहे: केसीएनटी१ च्या उंदरांत एक प्रत बदललेली असेल तर लक्षणे सौम्य असतात, आपोआप येणारे झटके दोन्ही प्रती बदललेल्यांत दिसतात, माणसात आजार एकाच प्रतीने होतो. झटके गुच्छाने येतात, म्हणून दोन दिवसांच्या नोंदीवर निष्कर्ष काढू नका. सलग व्हिडिओ-ईईजी, औषधाआधीचा कालखंड प्रत्येक उंदराचा स्वतःचा, आणि नोंद वाचणाऱ्याला कोणाला काय दिले हे माहीत नसावे. त्याच उंदराच्या मेंदूतली मोकळी पातळी शेवटी मोजा, नाहीतर ‘उपयोग नाही’ म्हणजे औषध कुचकामी की औषध पोचलेच नाही, हे कधीच कळणार नाही.

केसीएनएमए१ बनवते त्या बीके चॅनलचा ब्लॉकर पॅक्सिलिन काही प्राण्यांत झटके थांबवतो, हे इथे सांगायला हवे, कारण हे रसायन बुरशीचे कंपकारी विष आहे. कामाची दिशा दाखवायला उत्तम, गोळी करायला नालायक.

औषधाचे रूप हा विषय प्रयोगशाळेत कोणी गंभीरपणे घेत नाही आणि मग चाचणीच्या दारात काम अडते. रुग्ण काही महिन्यांचे, अनेकदा नाकातल्या नळीवर आणि कीटोजेनिक (मेदप्रधान, जवळजवळ साखररहित) आहारावर. गोड सिरप दिले की कीटोसिस (शरीर साखरेऐवजी मेद जाळते ती अवस्था) मोडतो आणि झटके वाढतात. दोष औषधावर जातो. साखर, सॉर्बिटॉल आणि शक्यतो प्रोपिलीन ग्लायकोल नसलेले द्रावण हवे, आणि ते नळीच्या प्लास्टिकला चिकटत नाही याची आधी खात्री. ४-अमिनोपिरिडिनची प्रौढांची सावकाश सुटणारी गोळी कुटून मुलाला देणे हा सर्वांत धोक्याचा शॉर्टकट: बारा तासांचे औषध एकदम सुटते आणि झटका येतो. प्रौढांत हे औषध २०१० पासून मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये चालणे सुधारण्यासाठी मंजूर आहे, १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. आणि त्याच माहितीपत्रकात पूर्वी झटके आलेल्यांना आणि क्रिएटिनिन क्लिअरन्स ५० मिलिलिटर प्रति मिनिट किंवा कमी असलेल्यांना ते वर्ज्य आहे. ९० टक्क्यांच्या आसपास औषध जसेच्या तसे लघवीतून जाते, म्हणून उलट्या-जुलाबाने किडनी मंदावली की नेहमीची मात्राच जास्त ठरते. पालकांना हे आधी सांगून ठेवायचे.

माणसांवरची चाचणी. रुग्ण मोजके, म्हणून मोठे दोन गट पाडणे शक्य नसते. प्रत्येक रुग्णावर औषध आणि प्लासिबोचे आलटून पालटून कालखंड, मधे औषध धुऊन जाण्यापुरता खंड, आणि आधी किमान चार आठवड्यांची मूळ नोंद. पालकांच्या वहीवर एकट्या विसंबू नका. फिरत्या झटक्यांच्या अपस्मारात श्वास थांबणे किंवा चेहरा लाल होणे एवढाच झटका असू शकतो, आणि तो वहीत येत नाही. प्रत्येक कालखंडात २४ तासांची ईईजी नोंद हवी. मूल वाईट काळात असतानाच औषध सुरू होते आणि नंतर आपोआप बरे वाटते, हा फसवा उतार खुल्या निरीक्षणांत क्विनिडिनच्या बाजूने नक्कीच गेला असणार.

हृदयावर लक्ष कसे ठेवायचे? औषधाआधी ईसीजी, इकोकार्डिओग्राम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. मात्रा वाढवली की स्थिर पातळीला पुन्हा ईसीजी. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगाप्रमाणे सूत्राने दुरुस्त केलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांवर गेला किंवा मूळ आकड्यापेक्षा ६० ने वाढला की थांबा. सूत्र एकच ठरवून शेवटपर्यंत तेच वापरा. ठोके १४० आणि क्यूटी २८० असेल तर बझेटने ४२८ येतो आणि फ्रिडेरिशियाने ३७१. एकदा एक, एकदा दुसरे वापरले की केवळ सूत्रामुळे औषध थांबवावे लागल्यासारखे दिसेल. केसीएनटी१ च्या मुलांत महाधमनीकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या जादा रक्तवाहिन्या आणि त्यातून जीवघेणा रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून इको नुसत्या औषधासाठी नाही, आजारासाठीही.

सोबतची औषधे खेळ बिघडवतात. फेनोबार्बिटोन, फेनिटोइन, कार्बामाझेपिन यांनी यकृतातील सीवायपी३ए४ हे औषधे मोडणारे विकर वाढते आणि क्विनिडिन झपाट्याने खाली येते; ती औषधे कमी केली की तेच क्विनिडिन वर उसळते. लघवी अल्कधर्मी झाली की क्विनिडिन कमी बाहेर पडते, आणि कीटोजेनिक आहारासोबत दिलेला सायट्रेट किंवा ॲसिटाझोलामाइड नेमके तेच करते. पातळी अचानक दुप्पट झाली तर मात्रा चुकली असे मानण्याआधी आहारतज्ज्ञाने काय बदलले ते विचारा.

भारतात २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार पाच लाखांपेक्षा जास्त नसलेल्या रुग्णांना होणाऱ्या आजारावरचे औषध अनाथ औषध धरले जाते. हे सगळे आजार त्यात सहज बसतात. अडचण नियमांपेक्षा रुग्ण शोधण्याची आहे. एक्झोम अहवालात केसीएनए२ किंवा केसीएनटी१ चा बदल दिसला की तो प्रवाह वाढवणारा म्हणून आधी नोंदलेला आहे का, हे पाहणे न्यूरोलॉजिस्टच्या हातात असते. नोंद नसेल तर पॅच क्लॅम्प करणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवल्याशिवाय ४-अमिनोपिरिडिन सुरू करू नये, दुकानात ते मिळत असले तरी.

ब्लॉकरला स्पर्धा आता अँटिसेन्सची आहे. पाठीच्या कण्यातून दिलेला हा कृत्रिम जनुकीय तुकडा केसीएनटी१ चा संदेशवाहक आरएनए तोडतो, हर्गचा प्रश्न मुळातच येत नाही, आणि पी९२४एल उंदरांत झटके व आयुर्मान दोन्ही सुधारले. पण एकेका मुलासाठी तयार केलेल्या अशा औषधाने झटके घटूनही मेंदूत पाणी साठण्याचा त्रास झाला. शिवाय एकदा दिलेला डोस महिनोन्महिने टिकतो. त्रास झाला तर परत काढता येत नाही. गोळीचे अर्धे आयुष्य काही तासांचे असते, संध्याकाळची मात्रा चुकवली की सकाळपर्यंत परिणाम ओसरतो. क्यूटी लांबण्याची भीती असलेल्या तान्ह्या मुलात मला हा फरक ब्लॉकरच्या बाजूने सर्वांत वजनदार वाटतो, आणि म्हणूनच हर्गपासून लांब राहणारे, मेंदूत पोचणारे रसायन शोधण्याचे काम अँटिसेन्स असतानाही चालू ठेवण्यासारखे आहे.